घरांचा छायाचित्रकार



तुम्ही ताजमहाल पाहिला आहे का? तुमच्यापैकी बहुतेकजण आग्र्याला गेलेले नसतील. तरीही डोळे मिटले की ताजमहाल तुमच्यासमोर उभा राहतो. पुढे पाण्याचा लांब हौद, दोन्ही बाजूंना झाडे, मध्ये घुमट आणि पाण्यात पडलेली त्याची प्रतिमा. हे चित्र तुमच्या मनात कुठून आले? कॅलेंडरवरून, पाठ्यपुस्तकातून, एखाद्या मिठाईच्या डब्यावरून. म्हणजे कोणी एक छायाचित्रकार तेथे गेला. त्याने उभे राहण्यासाठी एक जागा निवडली, दिवसाची एक वेळ निवडली आणि कॅमेऱ्याची कळ दाबली. यमुनेच्या पलीकडच्या काठावरून पाहिले तर तोच ताजमहाल वेगळा दिसतो. पण तो तुमच्या मनात नाही, कारण त्या बाजूची चित्रे तुम्ही फारशी पाहिलेली नाहीत.

इमारत बांधतो तो वास्तुशिल्पकार. उर्दूत तुम्ही त्याला मेमार म्हणता. पण जे लोक ती इमारत प्रत्यक्ष पाहत नाहीत, त्यांच्या मनात ती उभी करतो तो छायाचित्रकार. या दुसऱ्या कामात ज्यांनी आपले सारे आयुष्य घालवले, अशा एका माणसाची माहिती आपण या पाठात घेणार आहोत. त्यांचे नाव ज्युलियस शुलमन.

शुलमन यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब कनेटिकट राज्यातील एका शेतावर राहायला गेले. झाडे, पाणी, ऋतूंचे बदल यांची ओढ त्यांना तेथेच लागली. १९२० साली कुटुंब अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, लॉस एंजेलिसला आले. तेथील शाळेत छायाचित्रणाचा एक वर्ग होता. शुलमन यांनी या विषयाचे जे काही शिक्षण घेतले ते एवढेच! पुढे त्यांनी सुमारे सात वर्षे विद्यापीठात काढली, पण पदवी घेतली नाही. मनाला येईल त्या विषयाच्या तासाला जाऊन बसत. (हा भाग तुम्ही गिरवावा असे मात्र मी म्हणणार नाही.)

१९३६ साल उजाडले. शुलमन पंचवीस वर्षांचे होते आणि पुढे काय करायचे हे ठरलेले नव्हते. त्यांच्या बहिणीकडे एक तरुण भाड्याने राहत असे. तो रिचर्ड न्यूट्रा नावाच्या वास्तुशिल्पकाराकडे उमेदवारी करत होता. न्यूट्रा मूळचे व्हिएन्नाचे. १९२३ मध्ये ते अमेरिकेत आले होते आणि पोलाद, काच व काँक्रीट यांची नव्या पद्धतीची घरे बांधत होते. या तरुणाबरोबर शुलमन एक दिवस हॉलिवूडच्या टेकडीवर न्यूट्रांचे एक नवे घर पाहायला गेले. असे घर त्यांनी पूर्वी कधीच पाहिले नव्हते. खिशात मावणारा एक साधा कोडॅक कॅमेरा त्यांच्याजवळ होता. त्यांनी सहा छायाचित्रे काढली आणि त्यांच्या प्रती त्या तरुणाला भेट म्हणून दिल्या.

त्या प्रती न्यूट्रांच्या हाती पडल्या. त्यांनी शुलमन यांना बोलावून घेतले, आणखी प्रती विकत मागितल्या आणि दुसऱ्या घरांचेही काम दिले. त्याच दिवशी शुलमन यांची राफाएल सोरियानो या दुसऱ्या वास्तुशिल्पकाराशी ओळख झाली. पुढे १९५० मध्ये शुलमन यांचे स्वतःचे घर याच सोरियानोंनी बांधले. सहा छायाचित्रांतून एक धंदा उभा राहिला आणि तो पन्नास वर्षे चालला.

धंदा हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. शुलमन कोणाच्या नोकरीत नव्हते. दरमहा पगार नाही, की कोणाची सक्तीही नाही. वास्तुशिल्पकार, मासिके, काच किंवा फर्निचर बनवणारे कारखाने असे अनेकजण त्यांच्याकडून काम करून घेत. पण छायाचित्राची मूळ निगेटिव्ह ते स्वतःजवळ ठेवत. त्यामुळे एकच छायाचित्र ते आज वास्तुशिल्पकाराला, उद्या मासिकाला आणि परवा पुस्तकाच्या प्रकाशकाला देऊ शकत. वर्षानुवर्षे त्यांनी हे सारे नावनिशीवार लावून ठेवले. ही सवय दिसायला कारकुनी आहे, पण तिच्यामुळे पुढे काय घडले ते आपण पाहणारच आहोत.

आता त्यांच्या कामाची पद्धत पाहू. त्यांचा मोठा कॅमेरा तिपाईवर उभा करावा लागे. त्यात चार इंच रुंद व पाच इंच लांब अशी एकेक सुटी फिल्म घालत. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेत पाही. त्या काचेवर सारे दृश्य उलटे दिसते: छप्पर खाली, जमीन वर. प्रतिमा उलटी का पडते ते तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला आहात. एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीत याच गोष्टीचा अभ्यास केला होता.

एवढा जड कॅमेरा कशासाठी? एक प्रयोग करा. एखाद्या उंच इमारतीच्या पायाशी उभे राहा आणि साध्या कॅमेऱ्याचे तोंड वर करून तिचे छायाचित्र घ्या. भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या दिसतील, जणू इमारत मागे पडते आहे. शुलमन यांच्या कॅमेऱ्यात संपूर्ण कॅमेरा न वळवता फक्त पुढचे भिंग वर सरकवता येई. त्यामुळे उंच भिंत चित्रात येई आणि तिच्या रेषा ओळंब्याप्रमाणे सरळ राहत. ज्या गवंड्याने ओळंबा लावून भिंत उभी केली, त्याची भिंत चित्रात वाकडी दाखवणे हा त्याच्यावर अन्यायच नाही का?

पण भिंती सरळ दिसल्या म्हणजे काम संपले असे नव्हे. खरा प्रश्न प्रकाशाचा. त्या काळी बहुतेक छायाचित्रे काळी-पांढरी असत. भर दुपारी निळे आकाश चित्रात फिकट पांढरे येते आणि घराचे पांढरे छप्पर त्यात विरघळून जाते. शुलमन भिंगावर लाल काच लावत, कधी अवरक्त किरण टिपणारी फिल्म वापरत. मग आकाश गडद होई आणि घर त्यावर कोरल्यासारखे उठून दिसे.

त्यांची दोन छायाचित्रे जगभर गाजली. दोन्ही अंधार पडतानाची आहेत. ती कशी काढली हे समजून घेणे फार मनोरंजक आहे, म्हणून येथे आपण थोडे थांबू.

पहिले छायाचित्र १९४७ सालचे. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला वाळवंटात पाम स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. एडगर कॉफमन या धनिक दुकानदारासाठी न्यूट्रांनी तेथे एक घर बांधले. ते १९४६ मध्ये पूर्ण झाले. मागे उघडे डोंगर, पुढे पोहण्याचा तलाव आणि मध्ये काचेचे बसके घर. संध्याकाळ होत आली. न्यूट्रांच्या मनात घराच्या आतली छायाचित्रे घ्यायची होती. पण शुलमन यांचे लक्ष बाहेर होते. डोंगरामागे उजेड मावळत होता. उर्दूत ज्याला शफक म्हणतात, मराठीत संधिप्रकाश म्हणतात, ती वेळ! न्यूट्रा आत बोलावत राहिले आणि शुलमन कॅमेरा उचलून बाहेर धावले.

अडचण अशी होती की, डोंगर, आकाश, घरातले दिवे आणि तलावाचे पाणी या प्रत्येकाचा उजेड वेगवेगळा. एकाला योग्य होईल एवढा वेळ कॅमेऱ्याची पापणी उघडी ठेवली, तर दुसरे जळून पांढरे होणार किंवा अंधारात बुडणार. (शटर ही कॅमेऱ्याची पापणीच आहे असे समजा.) म्हणून शुलमन यांनी एकाच फिल्मवर तुकड्यातुकड्याने उजेड घेतला. आकाश आणि डोंगर यांच्यासाठी पापणी उघडली, मिटली. धावत घरात गेले, काही दिवे लावले, परत आले, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. हे सुमारे ४५ मिनिटे चालले होते. एवढ्या वेळात कॅमेरा केसभरही हलून चालणार नव्हते.

त्यातही एक गोष्ट छळत होती. तलावाजवळचा एक दिवा थेट भिंगात चमकत होता. शुलमन यांनी घराच्या मालकीणबाईंना तलावाच्या कडेला आडवे होण्याची विनंती केली. चित्रात त्या निवांत पहुडलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, किती सुखाची संध्याकाळ आहे ही! खरे तर त्या एक दिवा झाकण्यासाठी तेथे होत्या.

दुसरे छायाचित्र १९६० सालचे. त्यामागची हकिकत अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी परतणार होते आणि राहायला घरे अपुरी होती. तेव्हा 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' या मासिकाचे संपादक जॉन एंटेंझा यांनी १९४५ मध्ये एक योजना जाहीर केली. चांगल्या वास्तुशिल्पकारांनी कमी खर्चात, नव्या साहित्यात नमुन्याची घरे बांधावीत, लोकांनी ती पाहावीत आणि तशी घरे सर्वत्र उभी राहावीत, असा तिचा हेतू होता. ही योजना १९६६ पर्यंत चालली. तीसहून अधिक आराखडे तयार झाले. सगळेच काही बांधले गेले नाहीत. जी घरे बांधली गेली त्यांपैकी बऱ्याच घरांची छायाचित्रे शुलमन यांनी काढली.

त्यांतील बावीस क्रमांकाचे घर तरुण वास्तुशिल्पकार पिएर कोनिग यांनी हॉलिवूडच्या एका कड्यावर बांधले. कड्याच्या काठाबाहेर पुढे आलेली खोली, तिला तीन बाजूंनी फक्त काच, वर पोलादी तुळया आणि सपाट छप्पर. खाली दूरवर लॉस एंजेलिसचे दिवे पसरलेले. शुलमन आले तेव्हा घराचे काम पुरते संपलेलेही नव्हते. खुर्च्या वगैरे सामान चित्रासाठी बाहेरून आणले होते. खोलीत दोन तरुणी गप्पा मारत बसल्या होत्या. त्या घरच्या नव्हत्या, वास्तुशिल्पाच्या विद्यार्थ्यांबरोबर आल्या होत्या.

शहराचे दिवे फार दूर, म्हणून अंधुक. ते फिल्मवर उमटायला सुमारे सात मिनिटे लागणार होती. इतका वेळ कोणी पुतळ्यासारखे बसू शकेल का? शुलमन यांनी खोलीतले दिवे बंद करायला सांगितले. आत अंधार असेल तर आतले काहीच फिल्मवर उमटणार नाही. मग तरुणी हलल्या, बोलल्या, हसल्या तरी बिघडत नाही. सात मिनिटे फक्त शहर चित्रात उतरत राहिले. नंतर क्षणभर झगमगून विझणारे फ्लॅशचे दिवे उडवले. त्या एका क्षणात खोली, खुर्च्या आणि दोघी तरुणी त्याच फिल्मवर उमटल्या. एका चित्रात दोन वेळा आहेत: शहराची सात मिनिटे आणि खोलीचा एक क्षण.

तुम्हाला हे चित्र कोठे पाहायला मिळाले तर एक गोष्ट जरूर पाहा. छपराच्या तुळयांच्या रेषा खोलीतून बाहेर जातात आणि खालच्या रस्त्यांवरील दिव्यांच्या रांगा जणू त्याच रेषा पुढे नेतात. घर कोठे संपते आणि शहर कोठे सुरू होते हे क्षणभर कळत नाही. कोनिग यांना घर बांधताना जे म्हणायचे होते ते या चित्राने एका नजरेत सांगून टाकले. कोनिग यांची नंतरची कीर्ती बरीचशी या एका चित्रावर उभी आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, ही तर फसवणूक झाली! खुर्च्या घरच्या नाहीत, मुली घरच्या नाहीत, तलावाजवळच्या बाई दिवा झाकायला बसवलेल्या. मग छायाचित्र खरे कसे?"

प्रश्न बरोबर आहे आणि तो शुलमन यांच्या हयातीतही विचारला गेला. एवढेच नव्हे, नव्या घराभोवती बाग वाढलेली नसेल तर ते एखादी तोडलेली फांदी भिंगापुढे धरत. चित्रात वाटे, दाट झाडीतून घर डोकावते आहे. न्यूट्रा तर याहून पुढे जात. घरात लोक राहायला आलेले असले तरी ते त्यांचे सामान बाहेर काढायला लावत आणि आपल्या पसंतीचे आत मांडत.

आपणही काही वेगळे करत नाही. ईदच्या दिवशी किंवा लग्नात छायाचित्र काढताना मोठ्यांना मध्ये बसवतात, दोरीवरचे कपडे काढून ठेवतात, रडणाऱ्या बाळाला खुळखुळा दाखवतात. म्हणून ते चित्र खोटे ठरते का? मला वाटते, ते आपण काय विचारतो यावर अवलंबून आहे. त्या घरात रोज कसे दिसत होते असे विचाराल, तर शुलमन यांचे चित्र भरवशाचा साक्षीदार नाही. घर बांधणाऱ्याने मनात काय योजले होते असे विचाराल, तर त्याच्याइतका चांगला साक्षीदार सापडणार नाही.

मात्र एक तक्रार मला खरी वाटते. शुलमन यांची कॅलिफोर्निया नेहमी स्वच्छ, निवांत आणि सुखी आहे. तिच्यात मोटारींची गर्दी नाही, भाडे भरताना मेटाकुटीला येणारे लोक नाहीत. कमी खर्चाच्या घरांची ती योजना सामान्य माणसापर्यंत पोहोचलीच नाही. थोडी घरे बांधली गेली आणि ती छायाचित्रांमुळे इतकी प्रसिद्ध झाली की, पुढे त्यांच्या किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. स्वप्न विकताना छायाचित्रकाराचा हात त्यात असतो, हे नाकारून कसे चालेल?

१९८० नंतरच्या दशकात वास्तुशिल्पाची नवी लाट आली. खांब, कमानी, नक्षी यांची पुन्हा आवड निर्माण झाली. शुलमन यांना ती घरे मुळीच रुचली नाहीत आणि त्यांनी काम थांबवले. अवडंबर न करता ते आपल्या घरी राहू लागले. त्या घराभोवती त्यांनी स्वतः लावलेल्या झाडांचे रान झाले होते. पण साठी-सत्तरीत गेलेली ती जुनी काचेची घरे दरम्यान कोणाच्या मनात राहिली नव्हती. काही पाडली गेली. न्यूट्रांनी १९३५ साली बांधलेले एक नावाजलेले घर १९७२ मध्ये जमीनदोस्त झाले. आज ते फक्त छायाचित्रांत आहे.

पाम स्प्रिंग्जच्या कॉफमन घराचेही हाल झाले. कॉफमन १९५५ मध्ये वारले. घर काही वर्षे रिकामे पडले, नंतर मालक बदलत गेले. एकाने अंगण बंदिस्त करून खोली केली, कोणी भिंतींना फुलाफुलांचा कागद चिकटवला, छपरावर वातानुकूलन यंत्रे चढली. १९९३ मध्ये एका दांपत्याने हे घर विकत घेतले आणि ते पूर्वी होते तसेच करायचे ठरवले. लिओ मार्मोल आणि रॉन रॅडझिनर या वास्तुशिल्पकारांकडे काम सोपवले.

पण पूर्वी होते तसे म्हणजे कसे? कपाट कोठे होते? भिंत कोठे संपत होती? छपराच्या कडेचा पत्रा कसा दुमडला होता? न्यूट्रा १९७० मध्येच वारले होते. तेव्हा हे लोक शुलमन यांच्याकडे गेले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या शुलमन यांनी आपला संग्रह उघडला. त्यात कॉफमन घराच्या आतल्या भागाची कितीतरी छायाचित्रे होती. ती कधी छापली गेली नव्हती. पूर्वी ज्यांना कोणी विचारले नव्हते तीच चित्रे आता कामाला आली. निगेटिव्ह जपून ठेवण्याची ती कारकुनी सवय तुम्हाला आठवते ना?

चित्रे पाहून काम सुरू झाले. भिंतीचा जुना दगड यूटा राज्यातल्या एका खाणीतून आला होता. तसाच दगड मिळावा म्हणून तेथील खाण पुन्हा उघडायला लावली. छपराच्या कडेचा पत्रा हुबेहूब दुमडता यावा म्हणून त्यासाठीचे यंत्र विकत घेतले. नंतर वाढवलेल्या खोल्या पाडून टाकल्या.

शुलमन यांनी पुढे एका तरुण सहकाऱ्याबरोबर पुन्हा छायाचित्रे काढायला सुरुवात केली आणि वयाच्या नव्वदीनंतरही ते काम करत राहिले. २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेने त्यांचा संग्रह घेतला. त्यात २,६०,००० हून अधिक निगेटिव्ह, छापील प्रती आणि पारदर्शिका होत्या. १५ जुलै २००९ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कॉफमन घराच्या नव्या मालकांनी आणखी एक गोष्ट केली. १९४७ च्या चित्रात घराभोवती मोकळे वाळवंट आहे. पुढे गाव वाढत गेले आणि शेजारी घरे होत गेली. मालकांनी लगतचे जमिनीचे तुकडे विकत घेतले. त्यांवर काही बांधण्याचा त्यांचा विचार नव्हता. न्यूट्रांच्या मनात घराभोवती जेवढे वाळवंट होते, तेवढे ते परत मिळवत होते.